पहिले अठरा बीम

बोरिवली पूर्व,
२ डिसेंबर २०२४

बाबा,

वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, पण तुम्ही म्हणाल, आता बरं आठवलं. म्हणून नुसतं बाबा.

तुम्ही फोन उचलत नाही. वनमाला आत्याला केला तर ती म्हणते, "तो माडांक पाणी घालता हा," आणि मागून तुमचा खोकला ऐकू येतो. दोन महिने सलग कोणी माडांना पाणी घालत नाही. बिचारीला धड खोटं बोलता येत नाही आणि तुम्ही तिला बोलायला लावताय. म्हणून हे पत्र. फाडायचं असेल तर वाचून फाडा.

आधीच सांगते, मी माफी मागायला लिहीत नाहीये. रिपोर्टमधलं ते वाक्य कोणत्याही इंजिनियरने लिहिलं असतं. सहा बीम कमी ताकदीचे निघाले, कारण शोधलं, 'ओतकामातला दोष' असं लिहिलं. त्यावरून चंद्रप्रकाश शेठनी आपल्या लॅबमध्ये सव्वीस वर्षं काँक्रीट ओतणाऱ्या माणसाला घरी बसवलं, ते त्यांनी केलं. आणि तुम्ही थापी पिशवीत टाकून, मला एका शब्दाने न सांगता गावाला निघून गेलात, ते तुम्ही केलंत. ज्याचं त्याने बघावं.

आई बरी आहे. गुडघा दुखतो, पण सांगत नाही, जिना चढताना चौथ्या पायरीवर उगाच शेजारणीशी बोलत उभी राहते, त्यावरून कळतं. तुमचा मोठा कप तिने कपाटाच्या अगदी वरच्या फळीवर ठेवलाय. मी काढायला गेले तर म्हणाली, "राहू दे. ज्याचा आहे तो काढेल." माझ्याशी बोलते, पण कामापुरतं. सर्वेश पुण्याहून फोन करतो आणि मला, सख्ख्या बहिणीला, सोडून सगळ्यांची चौकशी करतो. झकास चाललंय एकूण.

आता कामाचं. माझ्या प्रकल्पासाठी मार्चमध्ये तुम्ही अठरा बीम ओतलेत, पोलादी तारा घातलेले. जुलैमध्ये आणखी सहा. तीच खडी, तेच सिमेंट, त्याच तारा, तेवढ्याच वजनाने घातलेल्या. अठरा एकदम मजबूत आणि सहा त्यांच्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी. मला फक्त एवढं सांगा, पहिले अठरा तुम्ही कसे ओतलेत? दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे. सोबत तिकीट लावून पाकीट ठेवलंय, पत्ताही घातलाय, म्हणजे तेवढंही कारण नको.

अक्षता


बोरिवली,
१५ डिसेंबर २०२४

बाबा,

पाकीट आलं नाही. आत्या आईला म्हणाली की पत्र तुम्ही वाचलंत, घडी घातलीत आणि तांदळाच्या डब्यात ठेवलंत. तांदळाच्या डब्यात का? किडे लागू नयेत म्हणून?

ठीक आहे. उत्तर देत नाही ना, मग मीच बोलते.

मी कॉम्प्युटरवर नक्की काय करते, हे तुम्ही मला एकदाच विचारलं होतंत. पवईच्या ऑफिसात लागले त्या वर्षी. मी म्हटलं होतं, "तुम्हाला नाही कळणार ते." तुम्ही 'बरा' म्हणालात आणि चहा प्यायलात. परत कधी विचारलं नाहीत. हे मला परवा आठवलं आणि दिवसभर काही केल्या डोक्यातून जाईना. तर आता ऐका.

मी कॉम्प्युटरमध्ये एक बीम बनवते, आकड्यांचा. त्याचे बारीक तुकडे पाडते, आई खोबऱ्याच्या वड्या पाडते तसे, दहा-बारा हजार. प्रत्येक तुकड्याला सांगते की तू काँक्रीट आहेस, एवढा दाब सोसशील, एवढा ताण पडला की तडकशील. साधं काँक्रीट तडकलं की संपलं. पण आत तारा असल्या तर तडकल्यावरही त्या दोन्ही बाजूंना धरून राहतात आणि हळूहळू सुटत जातात. ही धरून ठेवायची ताकद किती, हा आकडा कुठे तयार मिळत नाही. खरे बीम मोडून तो काढावा लागतो. म्हणून तुमचे अठरा बीम मशिनवर मोडले, आणि माझा आकड्यांचा बीम अगदी तसाच मोडेपर्यंत मी तो आकडा फिरवत बसले. महिनाभर. मग जुळला. इतका छान जुळला की ऑफिसात सगळे माझ्या स्क्रीनपाशी येऊन बघून गेले.

आणि तारा आत कशा पडतात म्हणून मी काय धरलं होतं, सांगू? काड्यापेटी सांडल्यावर काड्या पडतात तशा. कशाही, सगळ्या दिशांना सारख्या. सगळे तसंच धरतात, पहिल्या पायरीला.

तो आकडा घेऊन दिंडोशीच्या पोडियमचं डिझाइन झालंय. पुनर्विकासाच्या इमारतीत पार्किंगच्या डोक्यावर मोठं अंगण असतं ना, ते. आग लागली तर अग्निशमन दलाचा बंब वर चढून तिथे उभा राहणार. त्या स्लॅबमधली निम्मी सळई काढून तारा घालायच्या, आणि तारा पुरतील असं कॉम्प्युटर म्हणतो. म्हणजे मी म्हणते. ८ फेब्रुवारीला स्लॅब ओतायचाय.

नंतरचे सहा बीम पडताळणीसाठी होते. ते कमी निघाले तेव्हा दोनच रस्ते होते. माझा आकडा चूक, नाही तर बीम चूक. 'ओतकामातला दोष' लिहिलं की सहाही बाद. मग आकडा शाबूत राहतो.

जुलैमध्ये त्या संध्याकाळी तुम्ही ओट्यापाशी कोळंबी सोलत होतात. मी टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. तुम्ही म्हणालात, "बाय, काँक्रीट खंय जाता, तारा थंयच जातत." मी मान वर केली नाही. मला वाटलं, तुम्ही आपलं असंच काहीतरी बोलताय. त्या बोलण्याचा अर्थ मला आता हळूहळू लागतोय.

पोस्टमन सांगत होता की गावाकडे पत्रं पोचायला आठवडा जातो. मी मोजतेय.

अक्षता


बोरिवली,
५ जानेवारी २०२५

बाबा,

काल मी मुलुंडला गेले होते, तुमच्या लॅबच्या मागच्या आवारात. चंद्रप्रकाश शेठना सांगितलं नाही. शिवदासभाऊंनी मागचं गेट उघडलं. तुमच्याबरोबर ओतकामाला असायचे म्हणून तेच एक ओळखीचे वाटले. माझ्याकडे त्यांनी बघितलं ते काही चांगल्या नजरेने नाही, पण खुर्ची दिली.

मोडलेल्या बीमचे तुकडे महिन्याभरात डंपरमध्ये जातात, हे मला माहीत आहे. मी आपली आशा न ठेवता गेले होते. शिवदासभाऊंनी ताडपत्री उचलली. चोवीसच्या चोवीस बीम, अठ्ठेचाळीस अर्धुकं, ओळीत रचलेली. म्हणाले, "परबभाऊंनी एक टाकू दिला नाही. जाता जाता मला आणि माणिकला सांगून गेले, पोरगी येईल कधीतरी बघायला, तवर ठेवा."

मला तिथेच रडू आलं. लॅबच्या आवारात, खडीच्या ढिगापाशी, शिवदासभाऊंसमोर. त्यांनी पाणी दिलं आणि दुसरीकडे बघत उभे राहिले.

प्रत्येक बीमवर तुमचा तो लाल ऑइलपेंटचा ठिपका आहे. मी लहानपणी तुमच्याबरोबर लॅबमध्ये यायचे तेव्हा मला वाटायचं, ती तुमची सही. काँक्रीट जिथून ओतलं तिथे तुम्ही ठिपका लावता, हे मला शिवदासभाऊंनी काल सांगितलं. मी सात वर्षं काँक्रीटवर काम करतेय, बाबा, आणि मला तुमचा ठिपका वाचता येत नव्हता. अठरांवर ठिपका एका टोकाला आहे. सहांवर मधोमध.

मग मी मोडलेल्या तोंडांवरच्या तारा मोजल्या. एक तार दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येकीला नेलपॉलिश लावत गेले. बाटली संपली. अठरांपैकी सहांच्या मोजल्या, एका तोंडाला सरासरी एकशे त्रेचाळीस. नंतरच्या सहांना एक्याण्णव. काँक्रीट एका टोकाकडून न थांबता वाहत गेलं की तारा वाहत्या दिशेला लांब होतात, बीमच्या लांबीत झोपतात, आणि तडा गेला की जास्त तारा त्याला आडव्या येतात. मधून ओतलं की तेवढ्या झोपत नाहीत. घरी येऊन मी मॉडेल नव्याने मांडलं. काड्यापेटी रद्द. जिथून ओतलं तिथून काँक्रीट कसं सरकेल ते धरलं आणि तारा त्याप्रमाणे वळवल्या. अठराही जुळले, सहाही जुळले. एकाच आकड्यात.

म्हणजे नंतरच्या सहा बीममध्ये काही दोष नव्हता. ते साधे, जसे असायला हवेत तसे बीम होते. पहिले अठरा जास्त चांगले होते. माझा कॉम्प्युटर तुमच्या अठरा चांगल्या बीमवर शिकला आणि त्याला वाटलं, जगात सगळं काँक्रीट असंच ओततात.

आता दुसरं. पहिल्या पत्रात मी लिहिलं की मी नुसतं 'ओतकामातला दोष' एवढंच लिहिलं होतं. ते अर्धंच आहे. तुम्ही रिपोर्ट वाचलाय, तुम्हाला माहीत आहे. पान एकतीस. 'ओतकाम करणारे डी. परब यांच्या हातून पद्धतीत झालेला दोष.' आमच्या वरिष्ठ दिशा मॅडम म्हणाल्या होत्या की कारण नेमकं असेल तर समोरचे वाद घालत नाहीत. मी नेमकं केलं.

रिपोर्टची प्रत तुम्हीच मागितली होतीत. पोरीचं नाव आणि आपली लॅब एकाच कागदावर, असं आईला सांगत चष्मा पुसत बसला होतात. सव्वीस वर्षांत तुम्ही किती हजार बीम ओतले असतील. कागदावर कायम 'लॅब कर्मचारी' एवढंच. तुमचं नाव छापून आलं ते पहिल्यांदा माझ्या रिपोर्टमध्ये, आणि तेही 'दोष' या शब्दाला लागून. तुम्ही पान उलटलं नाहीत. चष्मा घडी करून ठेवलात. मी समोर होते. मी म्हटलं, "बाबा, हे टेक्निकल आहे, मनाला लावून घेऊ नका."

मला माफ करा. मोजताना बोटं सोलवटली, म्हणून अक्षर असं आलंय.

अक्षता


बोरिवली,
२६ जानेवारी २०२५

बाबा,

तुमचं पाकीट आलं. आईने उघडू दिलं नाही, आधी देवापुढे ठेवलं, मग मला दिलं. तुम्ही बोलता तसंच लिहिलंय, त्यामुळे वाचताना आई दोनदा हसली. तुमचं पत्र तुम्हालाच लिहून पाठवते, कारण मला ते समोर ठेवूनच उत्तर द्यायचंय:

"अक्षता, तिनय पत्रां पावली. पहिले अठरा एका टोकाकडसून ओतले, मधी थांबाक नाय. नियम माका म्हाईत होतो, आधी मधी, मगे दोनय टोकांक. पण तसा केला तर मधी जोड दिसता. तुझा काम म्हणान जोड नको होतो. मगेच्या सहांक तुमच्या हापिसातलो माणूस नियम वाचीत उभो, म्हणान नियमान ओतले. तू लिही, परबान पयल्या वक्ताक नियम मोडलो. खरा तां खरा. मी आता कामार नाय, माका काय फरक पडता. तुझी नोकरी तरी रवांदे. पोडियम खंयसून ओततले? पाइप मधी धरले तर तारा चकलीसारख्यो फिरतत. दशरथ."

पहिली गोष्ट. माझं काम म्हणून जोड नको होता, हे तुम्ही मार्चमध्ये मला सांगायला काय झालं होतं? तुम्ही कौतुकाने माझ्या अख्ख्या मॉडेलची वाट लावलीत. मला हसावं की डोकं आपटावं कळेना. त्या दिवशी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून लॅबला गेला होतात, आई सांगत होती. काँक्रीट ओतायला इस्त्रीचा शर्ट.

दुसरी गोष्ट. चकली. तुमचं ते वाक्य मी सोमवारी मॉडेलमध्ये घातलं. कंत्राटदाराने पंप उभा करायची जागा नकाशावर दाखवली आहे, पोडियमच्या बरोबर मध्यावर. काँक्रीट मधून चहूकडे पसरलं की तारा खरंच गोल फिरतात. या खांबापासून त्या खांबापर्यंत ज्या दिशेने त्या लागणार, त्या दिशेने काही पट्ट्यांत निम्म्याच उरतात. तिथेच बंबाचं चाक येतं. माझा जुना आकडा म्हणतो, पुरतील. नवं मॉडेल म्हणतं, नाही. तुम्ही कुठला कॉम्प्युटर न उघडता म्हणता, चकली.

मी दिशा मॅडमना सगळं सांगितलं. त्या शांतपणे ऐकून घेतात, ओरडत नाहीत, हे एक बरं आहे. म्हणाल्या, "अक्षता, सोपं आहे. लिही की पहिल्या संचात तंत्रज्ञाने नियम पाळला नव्हता, ते आता लक्षात आलं. डिझाइन दुरुस्त करू. कोणाचं काही जात नाही." तुम्ही जे लिहिलंत तेच, फक्त इंग्रजीत. आणि त्यात खोटं काहीच नाही. तुम्ही नियम मोडलात हे खरंच आहे.

चार दिवस ते वाक्य माझ्या स्क्रीनवर आहे. पाठवायचं बटण तेवढं दाबायचं राहिलंय. दाबलं की माझं पद राहतं, पोडियमही वाचतं, आणि दशरथ परब दोनदा चुकले असं कागदावर राहतं. एकदा वाईट ओतलं म्हणून, एकदा चांगलं ओतलं म्हणून.

आणि एक गोष्ट अजून सांगितली नाहीये. दुसऱ्या पत्रात लिहिलं की कोळंबी सोलताना तुम्ही बोललात ते मला तेव्हा कळलं नाही. कळलं होतं, बाबा. त्याच क्षणी. मी मान वर केली नाही कारण मान वर केली असती तर तुम्हाला विचारावं लागलं असतं. रिपोर्ट सोमवारी द्यायचा होता. महिनाभर फिरवून जुळवलेला आकडा होता. मी खाली बघत टाइप करत राहिले आणि तुम्ही पुढची कोळंबी घेतलीत. एवढंच झालं. त्याला 'पद्धतीतला दोष' म्हणतात की आणखी काही, तुम्हीच ठरवा.

अक्षता


पवई,
३१ जानेवारी २०२५

बाबा,

ऑफिसातून लिहितेय, कारण घरी गेल्यावर धीर राहील असं वाटत नाही.

आज मीटिंग झाली. कंत्राटदार, आमचे लोक, दिंडोशीच्या सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे होते. मी उभी राहिले आणि लिहून नेलेलं वाचलं. त्याची प्रत सोबत आहे, पण चष्मा सापडला नाही तर म्हणून इथे साधं करून लिहिते:

'पहिले अठरा बीम नियमाप्रमाणे मधून न ओतता एका टोकाकडून सलग ओतलेले होते. त्यामुळे तारा लांबीच्या दिशेने वळल्या. बीम कसे ओतले हे मी विचारलं नाही, आणि तारा सगळ्या दिशांना सारख्या पडल्या असं धरून मॉडेल जुळवलं. जुलैमध्ये ओतकाम करणाऱ्यांनी तारांच्या दिशेबद्दल मला स्वतःहून सांगितलं. मी ते नोंदवलं नाही. नंतरच्या सहा बीमच्या ओतकामात कोणताही दोष नव्हता. ते बीम बाद करण्याचा निर्णय चुकीचा होता आणि तो माझा होता.'

तुम्ही नियम सोडून ओतलेत हे पहिल्या वाक्यात आहे. ते लपवलं नाही, तुम्हीही लपवू दिलं नसतं. पण ते माहिती म्हणून आहे, सबब म्हणून नाही.

सेक्रेटरीबाई साठीच्या असतील, त्यांचं नाव द्रौपदी कांबळे. तीन वर्षं भाड्याच्या घरात आहेत. त्यांनी विचारलं, "म्हणजे हे असंच ओतलं असतं तर पडलं असतं का?" मी म्हटलं, "बहुतेक नाही." त्या म्हणाल्या, "बहुतेक?" कंत्राटदाराने पंपाची जागा दाखवणारा नकाशा गुंडाळून ठेवला.

सळई परत घालायची ठरलं. तारा राहतील, तडे बारीक ठेवायला, पण त्यांच्या भरवशावर बंब उभा राहणार नाही. स्लॅब पट्ट्यांमध्ये ओतणार, एका बाजूकडून. सगळं महिनाभर पुढे गेलं. मला प्रकल्पाच्या प्रमुखपदावरून काढलंय, आता ओजस बघेल. तो माझ्या हाताखाली शिकला. मला त्याला फाइल्स समजावून द्यायच्यात. दिशा मॅडम जाताना म्हणाल्या, "इतकं सगळं बोलायची गरज नव्हती." मग थोड्या वेळाने परत येऊन म्हणाल्या, "होती."

चंद्रप्रकाश शेठना ही प्रत मी स्वतः नेऊन दिली. त्यांनी वाचली आणि तुम्हाला परत बोलवायला तयार झाले. मी त्यांना म्हटलं, ते तुमचं तुम्ही बाबांशी बोला. मी आता तुमच्या वतीने एक वाक्य बोलणार नाही.

२२ फेब्रुवारीला दिंडोशीच्या साइटवर आधी एक नमुन्याचा पट्टा ओतून बघणार आहेत, सकाळी आठला. शिवदासभाऊ आणि माणिकभाऊंना लॅबकडून बोलावलंय. पंपवाला नवा आहे, तो पाइप मधोमधच धरेल.

तुम्ही या, असं मी म्हणत नाही. तारीख कळवली.

अक्षता


घरी, ओट्यावर,
९ मार्च २०२५

बाबा,

तुम्ही बाजारात गेलात म्हणून ही चिठ्ठी. खरं तर तुम्ही घरी असता तरी चिठ्ठीच लिहावी लागली असती. सोळा दिवस झाले तुम्ही येऊन. आत्याला सांगून निघालात, आईला सांगून आलात. पंपवाल्याशी हिंदीत भांडलात, ओजसला पट्ट्यावर खडूने दाखवलंत की तारा कुठे झोपतील आणि कुठे झोपणार नाहीत, द्रौपदीबाईंना बंबाचं वजन समजावून सांगितलंत. माझ्याशी मात्र आईमार्फत बोलता. काल ताटावर बसल्या बसल्या म्हणालात, "तिका विचार, लिंबू व्हया काय." मी समोरच होते. लिंबू तुमच्याच हातात होतं.

मी तक्रार करत नाहीये. कप तुम्ही वरच्या फळीवरून काढलात, तेव्हा आई आत जाऊन डोळे पुसून आली. मला तेवढ्यावर बरंच चालवता येईल.

नमुन्याच्या पट्ट्यातून कापून काढलेल्या तुकड्यांचे निकाल शुक्रवारी आले. तुम्ही खडूने केलेल्या पाच खुणांपैकी चार मॉडेलशी जुळल्या. पाचवी, कोपऱ्यातली, मॉडेलला दिसली नव्हती. तिथे तारा खरंच उभ्या राहिल्या होत्या. तुम्ही बरोबर होतात. ओजस अजून त्या कोपऱ्याकडे बघत बसलाय.

नवा रिपोर्ट उद्या जाणार. माझं नाव त्यात दुसऱ्या क्रमांकावर आहे. ओतकाम कसं केलं याचा आता वेगळा भाग आहे, तो मी लिहिलाय, आणि तो पुन्हा एकतिसाव्याच पानावर आला. मी आणला नाही, आपोआप आला. त्यात पहिल्यांदाच एक रकाना घातलाय. 'ओतकाम: दशरथ परब.' पूर्ण नाव, 'डी.' नाही.

पान मिठाच्या बरणीखाली ठेवलंय. बघा. काही चुकलं असेल तर पेन्सिलीने दुरुस्त करा. मी संध्याकाळी घेईन.

अक्षता


घरी, ओट्यावर,
१० मार्च २०२५, सकाळ

बाबा,

पान मिळालं. तुम्ही तुमच्या नावापुढे बाण काढून लिहिलंय, "एकट्यान ओतूक नाय. शिवदास आनि माणिक खंय गेले?"

बरोबर आहे. मी परत तेच केलं, एकाचंच नाव. आत्ता सकाळी शिवदासभाऊंना फोन करून दोघांची पूर्ण नावं विचारून घेतली. आधी त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं म्हणून नावं लिहितायत. समजावून सांगायला वेळ लागला. मग म्हणाले, "ताई, एक प्रत आम्हाला पण द्याल का?" तिघांची नावं टाकली. तीन प्रती काढते.

पानाच्या मागची ओळ मला आधी दिसली नव्हती. आईने दाखवली. "सांजेक तां कॉम्प्युटरातला काय तां दाखय. कळाक नाय तरी बघतलंय."

लॅपटॉप घेऊन येते. सातपर्यंत पोचते. कळेल तुम्हाला, आणि नाही कळलं तर मला नीट सांगता आलं नाही असं समजू. चहा तुम्ही टाका.

अक्षता